मुरबाडकडे डोंगरात घर घ्यायचंय. गावात बोलायचं कसं?

येऊरची_सकाळ
नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो. मुलगी शिकायला बाहेर गेली, तेव्हापासून सुट्टीचे दिवस डोंगरात काढायचं मनात आहे. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला एखादं जुनं घर किंवा घरापुरती जागा शोधतोय. माळशेजचा रस्ता पायाखालचा आहे, म्हणून तो भाग.

जागा सापडेल. अडलंय ते बोलण्यापाशी. नवरा मूळचा कुडाळचा, घरी मालवणी आणि बाहेर साधं मराठी बोलतो. मी नौपाड्यात वाढले, माझं बोलणं पुस्तकी आहे असं लोक म्हणतात. आमच्याबरोबर फिरणाऱ्या दलालाने परवा नवऱ्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "वहिनींना गाडीतच बसू द्या. त्या बोलल्या की भाव चढतो." मला ते फार लागलं. ज्या गावात उतारवयात राहायचं म्हणतेय, तिथे पहिल्या दिवसापासून तोंड मिटून बसायचं?

बोलण्याच्या ढबीने खरंच भाव बदलतो का? आणि तुमच्यापैकी ज्यांची अशी घरं आहेत ते गावात गेल्यावर आपलं बोलणं तसंच ठेवतात की तिकडचं वळण उचलतात? मनापासून विचारतेय.

हिरवा_माळ
वहिनी गाडीत बसल्या तरी गाडीवर एमएच ०४ लिहिलेलं असतं. दलाल ते कशाने झाकणार? :)

टोकावडेकर
ताई, मी त्याच भागातला. नोकरी ऐरोलीत, घर आणि भातशेती गावाला.

तुमच्या बोलण्याने भाव चढत नाही. तो दलाल चढवतो आणि नाव तुमच्या बोलण्याचं घेतो. तुम्ही शहरातले आहात हे बांधावर पाय ठेवायच्या आधीच गावाला कळलेलं असतं. तुम्ही गप्प राहिलात की मालक आणि तुम्ही यांच्यामध्ये बोलणारा तो एकटाच उरतो. मालकाच्या कानात एक आकडा, तुमच्या कानात दुसरा, मधला फरक त्याचा. आमच्याकडे असे व्यवहार डोळ्यांदेखत होतात आणि नंतर बोल मात्र मालकाला लागतो, की गावची माणसं शहरवाल्यांना लुटतात.

मालकाच्या घरी जा. ओट्यावर बसा, चहा घ्या, आकडा त्याच्या तोंडून ऐका. घरात म्हातारी असेल तर तिच्याशी तुम्हीच बोला, कारण पुरुषांसमोर ती दलालाशी बोलणार नाही. जागेचं खरं काय ते तिला माहीत असतं.

आता बोलीचं. मुरबाड-शहापूरकडे आमच्या कुणब्यांच्या बोलण्यात 'ण' येत नाही. पानी, कोन, लोनी. तुम्ही 'पाणी' म्हणालात तर आम्हाला काही वाटत नाही. आम्ही 'पानी' म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा होतो, तिकडे मात्र आमचं लक्ष असतं.

नौपाड्याचे_मास्तर
टोकावडेकरांशी सहमत, आणि एक भर घालतो. माणसाने आपली भाषा बदलू नये. गावात उतरल्या उतरल्या "काय रं गड्या", "लई भारी" सुरू करणारे शहरी लोक मी पाहिले आहेत. ऐकणाऱ्याला ती टिंगल वाटते, आणि का वाटू नये? दूरचित्रवाणीवरच्या मालिकांनी तर कमालच केली आहे. गाव विदर्भातलं असो, कोकणातलं असो, सगळी पात्रं एकच सातारा-कोल्हापूरकडचं अर्धवट वळण काढून बोलतात. तेच ऐकून लोक मुरबाडमध्ये 'रं' लावतात.

येऊरची सकाळ, तुम्ही जसं बोलता तसंच बोला. फक्त सावकाश.

जावळीखोरं
मास्तर, आदर राखून सांगतो, नक्कल वेगळी आणि वळण लागणं वेगळं.

मी कोपरखैरण्यात राहतो. वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. आमच्या आळीत निम्मी घरं जावळी, पाटण, साताऱ्याकडची. मी शाळेत एक बोलायचो, घरात दुसरं. आजही मेढ्याच्या पुढे गाडी गेली की माझी जीभ आपोआप वळते. "कुठं निघालाय?", "आलो न्हवं आत्ताच." बायको ठाण्याची, तिला आधी हे सोंग वाटलं होतं. आता तिच्याही बोलण्यात 'न्हवं' येतं आणि गावातल्या बायकांना त्याचं कौतुक आहे. तिने ते मुद्दाम शिकून घेतलेलं नाही. चुलीपाशी बसून, त्यांच्याबरोबर भाकरी थापून आलंय.

भावाचं म्हणाल, तर कोयनेच्या बाजूला एक जागा बघायला मी अगदी गावच्या बोलीत बोलत गेलो. मला जास्तच भाव सांगितला. कारण? "हा आपल्यातला, मुंबईला पैसे कमावतोय, याला परवडतं." गावच्या बोलण्याने जागा स्वस्तात मिळते हा समज काढून टाका.

नौपाड्याचे_मास्तर
जावळीखोरं, तुमच्या सौभाग्यवतींचं उदाहरण मान्य. सहवासाने आलेलं वळण मला वर्ज्य नाही. माझा आक्षेप पहिल्याच दिवशी चढवलेल्या वळणाला आहे.

सीवूड्सची_सुलभा
बघणं चालू असेल तर समृद्धी महामार्गाच्या बाजूचाही विचार करा. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. ठाण्याहून कसाऱ्याचा जुना घाट न चढता इगतपुरी गाठता येतं. भाव मात्र रस्त्याबरोबरच चढलेत.

घणसोलीचा_आगरी
सगळं वाचलं. थोडं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

१९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. आमची मिठागरं आणि भातशेती त्यात गेली. मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईला आंदोलन झालं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली. गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली. हे इथे सांगतोय, कारण बाहेरून माणसं येऊन घरं घेतात तेव्हा मूळ गावाला काय वाटतं, ते आम्ही घरात बसून अनुभवलंय.

आमच्या आजूबाजूला टॉवर झाले. राहायला आलेली माणसं चांगली होती, पण बरीच जण आमचं बोलणं ऐकून म्हणायची, "हे लोक सारखे भांडतात." आई शेजारणीला प्रेमाने हाक मारायची तरी तिला भांडण वाटायचं. आमच्यात 'गाडी'ची 'गारी' होते, 'मला'चं 'माना' होतं. शाळेत मी 'माना' म्हटलं की वर्ग हसायचा. आज मी ऑफिसात 'मला' म्हणतो आणि घरी पाय ठेवला की 'माना भूक लागली'. माझा मुलगा दोन्ही बोलतो, आणि मला त्याचा अभिमान आहे.

ताई, मुरबाडमध्ये तुम्ही टॉवरमधल्या शेजारीण असणार. तिथल्या लोकांसारखं बोलण्याची गरज नाही. पण त्यांचं बोलणं ऐकण्याची सवय करा. एखादा शब्द नाही कळला तर सरळ विचारा, "म्हणजे काय हो?" विचारलेलं कुणालाच वाईट वाटत नाही. गावदेवीच्या जत्रेची वर्गणी मागितली की द्या आणि जत्रेला हजर राहा. आमच्याकडे वर्षानुवर्षं राहून पालखीला कधी न आलेली माणसं आहेत. ती आजही पाहुणीच आहेत.

टोकावडेकर
@घणसोलीचा_आगरी, दादा, अगदी बरोबर लिहिलंत. आमच्याकडे म्हसा गावाची जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्यांची दुकानं. ताई, यंदा जत्रेला या. एका दिवसात जेवढी ओळख होईल तेवढी दलालाबरोबर वर्षभर फिरून होणार नाही.

हिरवा_माळ
घोंगडी घेताना भाव ताईंनीच करावा. मग कळेल बोलण्याने भाव चढतो की उतरतो :)

कलम_त्रेसष्ट
बोलीवर छान चाललंय, पण पैसे देण्याआधी कागदाचं बोलू. मी महसुली कामं जवळून पाहतो.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं कलम ६३. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार अवैध ठरू शकतो आणि जमीन हातची जाऊ शकते. येऊरची सकाळ, कुडाळचा सातबारा तुमच्या यजमानांच्या नावावर आहे का ते आधी पाहा. राज्यात कुठेही शेतजमीन असेल तर ते शेतकरी धरले जातात. नाव सासऱ्यांचं असेल तर वारसनोंद, एकत्र कुटुंब हे सगळं वकिलाकडून तपासून घ्या.

दुसरं फार महत्त्वाचं. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि त्या पट्ट्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी भरपूर आहेत. महसूल संहिता १९६६, कलम ३६ आणि ३६अ. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय जात नाही. "साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून ठेवू, नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर तिथेच उठा. यात फसतो तो ठाकूर, कातकरी, वारली शेतकरी, आणि असल्या व्यवहारातलं घर आपलं म्हणवून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कूळ, बोजा (जमिनीवरचं कर्ज), वनाची नोंद पाहा. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याची नोंद असेल तर घर बांधायचा विचार सोडा. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन असेल तर विक्रीला आधी परवानगी. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढून वाचा. आणि मोजणी भूमी अभिलेख खात्याकडूनच करून घ्या. दलालाने पायाने मोजलेला गुंठा कामाचा नाही.

सीवूड्सची_सुलभा
आणि जाहिरातीत दिसतात ते 'दोन गुंठ्यांचे बंगलो प्लॉट'?

कलम_त्रेसष्ट
गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचे ४० गुंठे. शेतजमिनीचे असे बारीक तुकडे विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचं बंधन आहे. रीतसर अकृषिक (बिनशेती) झालेला आणि मंजूर रेखांकन (प्लॉटचा आराखडा) असलेला भूखंड वेगळा. रेखांकनाच्या मंजुरीची प्रत मागा. 'मिळेल' असं उत्तर आलं तर ती नाही असं समजा.

शेतकरी नसाल तर सगळ्यात सरळ वाट गावठाणातल्या घराची. तिथे कलम ६३ आड येत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतील, पण ती कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं दिली जातात. त्या गावात ते झालंय का ते विचारा.

रानवाट
कागद, बोली दोन्ही बरोबर. पण आधी मान वर करून उतार बघा.

माळीण, ३० जुलै २०१४. तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. तिन्ही गावं डोंगराच्या कुशीतली, तिन्हींवर दरड आली, तिन्ही वेळा पाऊस कोसळत होता. मी हा सगळा डोंगर पायी फिरलोय आणि 'व्ह्यू'साठी उतार कापून, जेसीबीने सपाटी करून बांधलेली नवी घरं पाहून जीव खाली-वर होतो. मागे उभा कापलेला कडा, त्याला भिंत नाही, पाणी काढायला गटार नाही, वरची झाडं तोडलेली. समोर मात्र काचेची भली मोठी खिडकी.

जागा पावसात बघा. जुलैमध्ये. दलाल डिसेंबरात नेतो कारण तेव्हा ओहोळ कोरडा असतो. वरच्या उतारावर नव्या भेगा, वाकलेली झाडं, जिथे आधी नव्हता तिथे फुटलेला झरा, गढूळ झालेलं झऱ्याचं पाणी, यातलं काही दिसलं तर ती जागा सोडा.

आणि इथेच बोलीचा मुद्दा येतो. माळशेजच्या पायथ्याला एका वाडीत मी एका आजींना सहज विचारलं होतं, समोरची मोकळी जागा कुणाची. त्यांनी भरभर त्यांच्या ठाकर समाजाच्या बोलीत बरंच काही सांगितलं. अर्धं डोक्यावरून गेलं. सोबतचा माणूस म्हणाला, "काय नाय, जागा चांगली आहे म्हणते." मी आजींना पुन्हा, सावकाश सांगायला लावलं. त्या म्हणत होत्या की थोरला पाऊस झाला की वरचं पाणी त्याच जागेवरून उतरतं, म्हणून त्यांच्या सासऱ्यांनी तिथे कधी गोठासुद्धा बांधला नाही.

येऊरची_सकाळ
रानवाट, अंगावर काटा आला. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

जावळीखोरं
ही पोस्ट वर चिकटवून ठेवावी अशी आहे. आमच्याकडेही जुनी वस्ती कधी ओढ्याच्या तोंडाशी नसते.

वाशीची_वैदेही
आमचं घर घाटाच्या वर, अकोल्याच्या बाजूला आहे. (विदर्भातलं नव्हे, भंडारदऱ्याचं अकोले.) तिकडचं वळण तुमच्या मुरबाडपेक्षा निराळं. "काय करू ऱ्हायले ताई?" असं विचारतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इतकं गोड वाटलं की मी दिवसभर तेच मनात घोळवत होते. घाट एक चढला की बोलणं बदलतं. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यातली गावोगावची ध्वनिमुद्रणं जालावर ऐकता येतात. ताई, आपल्याला हव्या त्या भागातलं जाण्याआधी ऐकून ठेवा. कान तयार होतो.

घर सांभाळण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. घर घेण्यापेक्षा ते टिकवणं जड. चार महिने ओल, मग वाळवी, मग माकडं कौलं सरकवतात. घर बघायला गावातलं कुटुंब ठेवलं तर त्यांना 'केअरटेकर' म्हणून हाका मारू नका. आमच्याकडे मामा-मामी आहेत, नात्याने बोलतो आणि महिन्याचा पगार ठरल्या तारखेला देतो. नातं लावलं म्हणून पैसे कमी द्यायचे नसतात, हे मुद्दाम लिहितेय, कारण तसं करणारे पाहिलेत.

पाणी मात्र मेमध्येच तपासा. शहापूर तालुक्यातून तानसा, भातसा मुंबईला पाणी पाजतात आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तुम्ही बोअर मारून अंगणात लॉन भिजवलंत आणि शेजारच्या वाडीची विहीर आटली, तर तुमची मराठी कितीही गोड असो, गाव तुम्हाला जवळ करणार नाही.

हिरवा_माळ
माकडांशी कुठल्या बोलीत बोलायचं तेही सांगा वैदेहीताई.

वाशीची_वैदेही
मामी त्यांच्याशी जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही :)

टोकावडेकर
पाण्याचं वैदेहीताईंनी लाखाचं सांगितलं. रस्त्याचंही बघा. आमच्याकडे बऱ्याच जागांना जाणारी वाट दुसऱ्याच्या खाचरातून असते. पावसाळ्यात तिथे आवणी (भाताची लावणी) होते, गाडी जात नाही. "वहिवाट आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, नकाशावर रस्ता आहे का बघा. नसेल तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण शेजाऱ्याशी भांडून मिळवलेल्या रस्त्यावरून रोज त्याच्याच दारावरून जायचं असतं. आधी त्याच्याशी बोला.

येऊरची_सकाळ
मंडळी, उशिरा लिहितेय. तुम्ही सांगितलं तसं केलं. दलालाला न घेता आम्ही दोघं थेट गेलो. मी माझ्या नेहमीच्याच मराठीत बोलले. मालक काका, त्यांची आई आणि सून असे सगळे होते. आजी सुरुवातीला नवऱ्याकडेच बघत होत्या. मी त्यांना एक-दोनदा "पुन्हा सांगता का आजी, मला कळलं नाही" असं म्हटलं आणि मग त्या माझ्याकडे वळून बोलायला लागल्या. नवरा बोलता बोलता मालवणीवर गेला तेव्हा सूनबाई खूप हसल्या, त्यांची मावशी सावंतवाडीला दिलेली आहे. दोघांचं मग बराच वेळ जमलं.

काकांच्या तोंडून भाव ऐकला. दलालाने सांगितलेल्यापेक्षा तो बराच खाली होता. पण ती माळावरची जागा आम्ही सोडली. पावसात वरून पाणी येतं असं आजींनीच सांगितलं, काकांच्या समोर. काका रागावले नाहीत, उलट म्हणाले, "आयचं खरं हाय." गावठाणातच त्यांच्या चुलत्यांचं एक बंद घर आहे, कौलारू, मागे फणस. ते बघतोय. मालमत्ता पत्रक झालेलं आहे. चुलत्यांची तिघं मुलं, त्यातलं एक सुरतेला.

@कलम_त्रेसष्ट, तिघांच्याही सह्या लागतील ना? आणि बहिणी?

कलम_त्रेसष्ट
पत्रकावर कुणाची नावं आहेत ते आधी बघा. चुलते हयात नसतील तर सगळे वारस आले, बहिणीसुद्धा. लग्न होऊन गेलेल्या मुलींचाही हक्क असतो. त्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असल्याशिवाय पैसे देऊ नका. सुरतेचा भाऊ येऊ शकत नसेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत हवं. मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध अहवाल वकिलाकडून घ्याच.

घणसोलीचा_आगरी
बहिणींना स्वतः भेटा ताई. आमच्याकडे भावांनी परस्पर सह्या घेतलेल्या किती केसेस कोर्टात पडून आहेत.

येऊरची_सकाळ
दोघी बहिणी आहेत, एक धसईला आणि एक कल्याणला. येत्या रविवारी धसईला जाऊन येते.

टोकावडेकर
धसईला जाताना मला कळवा. माझी आत्या तिथेच असते, ती तुम्हाला त्यांच्या घरी घेऊन जाईल.